चोक देऊन पाहा ना भाऊ

बुलेटच्या किकने काल उलटा फटका दिला. पोटरीवर निळं झालंय. तरी राग गाडीवर नाही, दुपट्टेवाल्या काकांवर आहे.

गाडी जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची 350. सायलेन्सर मोकळा केला, फिल्टर बदलला, तेव्हापासून थ्रॉटल सोडला की फटाके. म्हणून पेट्रोल जास्त जावं यासाठी कार्ब्युरेटरचा मेन जेट मोठा टाकला, नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली. राहिलं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडते ते. पिस्टन टॉपला पोचायच्या 0.8 मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला हवेत; ते उघडले की ठिणगी पडते. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा, सुटला की उघडले.

"काऊन भाऊ, बंद पडली काय?"

"नाही काका, टायमिंग लावतोय. सिगारेट आहे का?"

"आपण बिडी ओढतो." लगेच एक पुढेही केली. तेंदूपत्ता पॉइंटमध्ये घालून चालत नाही हे त्यांना पटेना. शेवटी पानठेल्यावरून मीच एक सुटी सिगारेट आणली आणि तंबाखू नालीत झटकायला लागलो.

"अरे अरे! पैशाची वस्तू आहे ना बापा!" काकांनी तळहात पुढे केला. तंबाखू घेतली, खिशातून चुन्याची डबी काढली, अंगठ्याने मन लावून मळली, दोन टाळ्या दिल्या, ओठात दाबली. मी कागद हातात धरून पाहत राहिलो. मिनिटभरात थुंकले. "काहीच दम नाही. याच्यापेक्षा आपला खर्रा बरा."

मग ते पॉइंटकडे वळले. "हे ढिल्लं आहे," म्हणत बोटाने प्लेट सरकवली. ढिल्लीच होती, मी अजून कसली नव्हती. मला वाटलं नुसतं बोट लावलं, म्हणून स्क्रू आवळले. टायमिंग भलतंच अ‍ॅडव्हान्स झालं होतं. पिस्टन वर पोचायच्या आतच स्फोट, आणि किक आली ती थेट पोटरीवर.

"चोक देऊन पाहा ना भाऊ," काका म्हणाले.

चोक म्हणजे थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल. नागपूरच्या उन्हात चोक! मे महिन्यात हवा एवढी विरळ होते की मिश्रण आपोआप रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. उलट पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल, त्यात ऑक्सिजन, म्हणजे मिश्रण पुन्हा लीन, पेट्रोल कमी पडणारं. जुन्या गाडीवाल्याने जेट बसवायचा तरी कोणत्या हिशोबाने? बिनइथेनॉलचं पेट्रोल मागितलं तर पंपावरचा पोरगा आपल्याकडे असा पाहतो, जणू रॉकेलचं रेशनकार्ड दाखवलं. पैसे मात्र पूर्ण घेतात.

प्लेट पुन्हा लावली, यावेळी काकांकडे पाठ करून. अ‍ॅमीटरचा काटा मध्ये आणला, सिलिंडरातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून किक थोडी पुढे नेली, मग मारली. पहिल्या किकमध्ये सुरू. जमलेल्या चौघांसमोर काका म्हणाले, "मी तं आधीच म्हटलं होतं."

आज सकाळी दारात एक अनोळखी गृहस्थ लुना धरून उभे. काकांनी पाठवलंय म्हणे. दोन वर्षांपासून बंद आहे.

"तुमाले येते थोडंसं, असं सांगितलं त्यांनी."