बंदी घातली की दाजी मोकळे

परभणीच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच टाकलं: 'सगळ्या गेम बंद करा, लेकरं बिघडायलीत.' खाली अंगठेच अंगठे. इकडं जर्मनीत एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, उभ्या उभ्या वाचलं अन् डोकं तापलं.

बंदीची आपली हौस जुनीच. 2019 ला राजकोटात पबजी खेळतात म्हणून पोलिसांनी कॉलेजची पोरं धरली. 2020 ला देशाच्या सुरक्षेसाठी पबजी गेली, 2021 ला बीजीएमआय नावानं आली, 2022 ला पुन्हा गेली, 2023 ला पुन्हा हजर. 2025 च्या कायद्यानं पैशांच्या गेम बंद केल्या, ते बरंच झालं. रमीपायी गावाकडं वावरं गेली आहेत. पण वयाचा शिक्का? सिनेमाला सेन्सॉर यूए 7, 13, 16 असे देतं. गेमला सरकारी काहीच नाही. प्ले स्टोअरवर वय दिसतं, तेही कंपनीनंच भरलेल्या प्रश्नावलीवरून.

इथं जर्मनीत गेमच्या डब्यावर यूएसकेचा, म्हणजे गेमचं वय ठरवणाऱ्या संस्थेचा, ठसठशीत शिक्का असतो: 12 हिरवा, 16 निळा, 18 लाल. 2003 पासून कायद्यानं बंधनकारक. मीडियामार्क्ट या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवरची पोरगी आउसवाइस, म्हणजे ओळखपत्र, पाहिल्याशिवाय लाल डबा हातात देत नाही; दिला तर दंड 50 हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. धरायचं तर विकणाऱ्याला धरा, लेकराला कशाला?

हे ग्रुपवर लिहिलं. दाजींचं उत्तर: 'डबा कोण घ्यायलंय इथं? सगळं फुकट मोबाईलवर. तुमचं तिकडचं तिकडंच ठेवा.'

मुद्दा बिनतोड. तरी मी हटलो नाही: 2023 पासून यूएसके वय ठरवताना चॅट अन् गेममधली खरेदीसुद्धा बघतं, वगैरे वगैरे. कुणी वाचलं नसावं.

पण मला झोंबलं ते वेगळंच. माझं पोरगं घरात मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर देतं. रविवारची शिकवणी, आजीचे व्हिडिओ कॉल, सगळं करून झालं. अन् शनिवारी परभणीचा आतेभाऊ माइनक्राफ्ट गेमवर आला की तेच पोरगं हेडफोन लावून ओरडतं, "आरं, लाकडं कुठं टाकलास? मागं बघ की, येड्या!" दाजींनी भाच्याचा मोबाईल काढून घेतला, तर माझ्या पोराला असं बोलायला दुसरं कुणी नाही. माझ्याशी तो बोलत नाही.

हे दाजींना सांगवत नाही. त्यांना मी यूएसकेच ऐकवतो.