प्रिंटरचा कमी वापर असेल तर लेझरच घ्या
प्रिंट कमी काढणाऱ्यांनी स्वस्तातला इंकजेट प्रिंटर घ्यावा हे एका लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही, उलट अशांनी लेझरच घ्यावा. इंकजेटची शाई पातळ, मशीन महिनाभर बंद राहिलं की हेडच्या (शाई फवारणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रांत ती सुकते, मग पानावर आडव्या पांढऱ्या रेघा येतात आणि हेड क्लीनिंग करत बसलं की त्यात अजून शाई जाते. लेझरमध्ये शाईऐवजी टोनर असतो, म्हणजे मुळात कोरडी पावडर, सुकायचा प्रश्नच नाही, आणि पानावर पाणी सांडलं तरी अक्षर फुटत नाही. फोटो, रंगीत चित्रं सारखी लागत असतील तर मात्र इंकटँकवाला (बाटलीतून शाई भरायच्या टाक्या असलेला इंकजेट) बरा, फक्त शाई सुकू नये म्हणून आठवड्याला एखादं रंगीत पान काढत जा. आणि हो, इंकजेटचा ग्लॉसी फोटो पेपर लेझरमध्ये चुकूनही घालू नका, आतल्या गरम रोलरला त्याचं कोटिंग वितळून चिकटतं.