आमच्याकडे तर चालतंय, सर

तीन ओळी. वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरच्या अख्ख्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये कामाच्या तीनच ओळी आहेत. सर्व्हिस इन्स्टॉल करा. कॉन्फिग फाईलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये, माहिती भरा. सर्व्हिस सुरू करा. बाकीची पानं कंपनीचा लोगो, कंपनीचं ध्येय आणि हेडफोन लावून हसणारी माणसं. या तीन ओळींवर मी काल संध्याकाळी सहापासून रात्री पावणेतीनपर्यंत बसलो. साखर कारखान्याच्या वजनकाट्याशेजारच्या केबिनमध्ये, मळीच्या वासात, दर दहा मिनिटांनी खिडकीतून येणारा एकच प्रश्न ऐकत: "साहेब, झालं का न्हाई अजून? लाईन पार कमानीपातूर गेलीय."

काम तरी काय मोठं? काट्याचं वजन कॉम पोर्टवरून, म्हणजे काट्याची वायर जिथे लागते तिथून, वाचायचं, त्याची फाईल करायची आणि शेतकी विभागाच्या सर्व्हरवर टाकायची. कुणी लॉगिन केलेलं असो वा नसो, पडद्यामागे चालू राहायचं. म्हणून तर विंडोज सर्व्हिस.

सुरुवात सर्व्हिस नोंदवायच्या कमांडपासून. एससी क्रिएट लिहायचं, मग बिनपाथ, मग बरोबरचं चिन्ह, मग प्रोग्रामच्या फाईलचा पत्ता. बरोबरच्या चिन्हानंतर स्पेस हवी. आधी नको, नंतर हवी. नाही दिली तर चूक कुठे झाली ते सांगत नाही, मदतीचा भलामोठा मजकूर तोंडावर फेकतं. गाइडमध्ये छापताना ती स्पेस अर्थातच गळाली होती. हे मला माहीत होतं म्हणून पाचच मिनिटं गेली. पुढची वीस मिनिटं माझ्याच चुकीने गेली, तेही कबूल करतो. सर्व्हिस सुरू करायची कमांड मी पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या विंडोजच्या दुसऱ्या खिडकीत, दिली. एरर नाही, काही नाही, गुपचूप पुढची ओळ. वाटलं, झालं काम! जुन्या पॉवरशेलमध्ये एससी म्हणजे फाईलमध्ये मजकूर लिहिणाऱ्या कमांडचं लाडाचं नाव. सर्व्हिस सुरू झालीच नव्हती, 'स्टार्ट' नावाची एक फाईल तयार झाली होती आणि तिच्यात सर्व्हिसचं नाव लिहिलेलं होतं. हसावं की कपाळ बडवावं?

मग खरी स्टार्ट कमांड दिली. एरर १०५३. सर्व्हिसने वेळेत प्रतिसाद दिला नाही म्हणे. विंडोज सर्व्हिसला साधारण ३० सेकंद देतं. माझी दोन सेकंदांत मेली आणि मेसेज मात्र उशीर झाल्याचा. माणूस दारातच पडला तरी हजेरीपटावर 'उशिरा आला' असा शेरा मारायचा, अशातला हा प्रकार. गूगल केलं तर निम्मे लोक सांगतात, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, जाऊन ती ३० सेकंदांची मुदत वाढवा. अरे, मेलेल्याला मुदत कसली वाढवता?

आणि तीच एक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाईल, डबल क्लिक केली की काळी खिडकी उघडून झकास चालते! काटा वाचते, फाईल लिहिते. सपोर्टला फोन लावला. पोरगं अत्यंत नम्र. "सर, आमच्याकडे तर चालतंय." मग "सर, ॲडमिन म्हणून चालवून बघा." मग "सर, सर्व्हर एकदा रीस्टार्ट केला का?" दोनदा केला बाबा. तेवढा वेळ बाहेर हाताने पावत्या फाडल्या लोकांनी.

रात्री साडेअकराला डोक्यात प्रकाश पडला. डबल क्लिक केलं की प्रोग्राम स्वतःच्या फोल्डरमध्ये उभा असतो. सर्व्हिस म्हणून सुरू झाला की विंडोज त्याला सिस्टम३२ या स्वतःच्या खास फोल्डरमध्ये उभा करतं. आणि या महाभागांनी कॉन्फिग फाईलचा पूर्ण पत्ता न देता नुसतं नाव दिलं होतं. म्हणजे तो सिस्टम३२ मध्ये फाईल शोधणार, सापडणार नाही, आणि मरणार. बरं, मरताना 'फाईल सापडली नाही' असं तो म्हणतही होता, पण काळ्या खिडकीत. सर्व्हिसला खिडकीच नसते! इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, एक ओळ टाकली असती तर माझे पाच तास वाचले असते. लिहिणाऱ्याने हा प्रोग्राम आयुष्यात एकदाही सर्व्हिस म्हणून चालवलेला नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो.

एका बॅच फाईलने (म्हणजे कमांड्सची यादी) आधी फोल्डर बदलून बघू म्हटलं, तर तिलाही १०५३, कारण बॅच फाईल म्हणजे सर्व्हिस नव्हे. शेवटी कॉन्फिग फाईलच उचलून सिस्टम३२ मध्ये नेऊन ठेवली. हो, ठेवली. मला शिव्या द्यायच्या त्यांनी खुशाल द्या, पण ट्रॅक्टरच्या रांगेत उभं राहून द्या. तोडलेला ऊस गाडीत वाळतो, वजन घटतं, आणि शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात.

सुरू झाली. फाईल मात्र पोचेना. गाइडच्या नमुन्यात सर्व्हरच्या फोल्डरसाठी झेड ड्राइव्ह लिहिलेला. तो ड्राइव्ह जोडलेला असतो लॉगिन केलेल्या माणसाला, सर्व्हिसला तो दिसतच नाही. तिथे सर्व्हरच्या नावाचा पूर्ण पत्ता टाकला, तर परवानगी नाही. म्हणून वेगळं खातं केलं, कमांडनेच जोडलं, तर एरर १०६९, लॉगिन फसलं. कारण कमांडने खातं दिलं की 'सर्व्हिस म्हणून लॉगिन' हा हक्क आपोआप मिळत नाही, आणि सर्व्हिसेसच्या खिडकीतून दिलं की मिळतो. का? देव जाणे.

पावणेतीनला पहिली फाईल शेतकी विभागात पोचली. काट्यावरचे आप्पा बिडी विझवत म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय?"

सकाळी कंपनीचा मेल आलाय. नवी आवृत्ती. आधी जुनी सर्व्हिस काढून टाका, कॉन्फिग फाईल नव्याने भरा. सोबत गाइड जोडलंय. उघडून बघितलं, बिनपाथपुढची स्पेस अजून गायबच आहे.