खुलासा : ‘आर्ते पोवेरा’ म्हणजे गरिबांची कला नव्हे

इटालियन कलासमीक्षक जेर्मानो चेलांत यांनी ‘गरीब चित्रकारांची चळवळ’ उभारली, असा मजकूर सध्या फिरतो आहे. हा निव्वळ शब्दशः भाषांतराचा घोळ. १९६७ साली जेनोवातल्या एका प्रदर्शनासाठी चेलांत यांनी ‘आर्ते पोवेरा’ (शब्दशः ‘गरीब कला’) हे नाव वापरलं. त्यातला ‘पोवेरा’ कलावंताच्या खिशाबद्दल नाही, साधनांबद्दल आहे : माती, चिंध्या, कोळसा, झाडाची खोडं. याच चळवळीतले कलावंत यानिस कुनेलिस यांनी तर १९६९ मध्ये रोमच्या गॅलरीत १२ जिवंत घोडे बांधले. (घोडे पोसणं हे काय गरिबाचं काम?) चेलांत यांना ‘पोवेरा’ हा शब्द सुचला तो पोलिश नाट्यदिग्दर्शक ग्रोटोव्स्की यांच्या ‘गरीब रंगभूमी’वरून, म्हणजे कमीत कमी साधनांच्या नाटकावरून. चेलांत पुढे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात क्युरेटर झाले. १९९७ चं व्हेनिस बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन) त्यांच्याच हाती होतं. २०२० मध्ये मिलानला कोविडने ते गेले.