माजी सैनिक, शमन आणि 'गोळ्या बंद करा' हा सल्ला

अमेरिकेतल्या माजी सैनिकांना उद्देशून एक संदेश जोरात फिरतो आहे: 'युद्धाच्या मानसिक आघातावर शमनचा (आदिवासी मांत्रिक-वैद्याचा) एकच विधी पुरतो. वनस्पती नैसर्गिक, त्यामुळे धोका नाही. गोळ्या तीन दिवस आधी बंद करा. उलटी आणि थरथर म्हणजे आघात बाहेर पडतोय.' यातला गोळ्यांचा सल्ला जीव घेऊ शकतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

'तीन दिवस आधी बंद.' अशा विधीत अनेकदा अयाहुआस्का हा भ्रम निर्माण करणारा काढा पाजतात. तो सहसा दोन वनस्पतींचा असतो, एक झुडूप आणि एक वेल. चक्रुना या झुडपाच्या पानांतलं डीएमटी हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य नुसतं गिळलं तर पोटातच निकामी होतं. वेलीतलं हार्मिन आणि हार्मलिन त्याला मोडणारं एमएओ हे विकर रोखतात. हेच विकर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायनही मोडतं. पीटीएसडीवर, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकारावर, दिली जाणारी सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन सेरोटोनिन वाढवतात, त्यामुळे दोन्ही एकत्र आली की ते बेसुमार साचतं. तीन दिवसांत औषधांचा परिणाम पुरता ओसरत नाही. साधारण दोन आठवडे धरतात, फ्लुऑक्सेटिनला किमान पाच. शिवाय गोळी एकदम सोडली की झोप उडते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात, आत्महत्येचे विचार परतू शकतात. मात्रा उतरवायची ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

'थरथर म्हणजे आघात बाहेर पडतोय.' उलटी या काढ्याने होतेच. पण ताप चढत गेला, पाय ताठले, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, पाऊल वर दाबून धरल्यावर घोटा लयीत उडत राहिला, तर तो सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिन अति साचल्याने होणारा जीवघेणा बिघाड, समजा. अंधारात, आजूबाजूला सगळेच ओकत असताना, हे कोणाच्या लक्षात येत नाही. वाट पाहू नका, रुग्णालयात न्या.

'नैसर्गिक, म्हणून निर्धोक.' अशाच उपचारांत दिलं जाणारं आयबोगेन हे द्रव्यही वनस्पतीतूनच येतं आणि हृदयाची लय बिघडवतं. 30 माजी सैनिकांवरच्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयबोगेनच्या अभ्यासात हृदयाला जपण्यासाठी सोबत मॅग्नेशियम दिलं होतं. त्यात तुलनेचा गटही नव्हता.

'एकच विधी पुरतो.' हा दावा परंपरेलाच धरून नाही. अमेरिकेतल्या नावाहो या आदिवासी लोकांचा युद्धावरून परतलेल्यांसाठीचा 'एनिमी वे' विधी अनेक दिवस चालतो. विधी चालवणारा गायक असतो, नातेवाईक जमतात, सगळ्यांचं जेवणखाण होतं. माणूस पुन्हा आपल्यांत घेतला जातो, आणि आमच्या मते खरा आधार तिथे आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या काही सरकारी रुग्णालयांत आदिवासी सैनिकांसाठी स्वेट लॉजही (तापलेल्या दगडांच्या वाफेत घाम काढायच्या विधीच्या बंदिस्त खोप्या) आहेत, उपचारांच्या जोडीने. त्या उपचारांत कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी या बोलण्यातून होणाऱ्या उपचाराची साधारण 12 सत्रं असतात.

लॉजमध्ये जाणाऱ्याने मात्र आपली औषधं आधी सांगावीत. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन चालू असेल तर रक्तदाब आधीच खाली असतो. उष्णतेत तो आणखी उतरतो आणि उठताना माणूस कोसळतो. लिथियम चालू असेल तर घामाने पाणी कमी झाल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण विषारी पातळीवर जाऊ शकतं. 2009 मध्ये अॅरिझोनात सेडोनाजवळच्या एका शिबिरातल्या लॉजमुळे तिघांचा जीव गेला. बंदिस्त अंधार आणि ढोल यांनी युद्धातली आठवण उसळू शकते, म्हणून दाराजवळ बसावं आणि मधेच बाहेर पडता येईल ना, हे आत शिरण्यापूर्वी विचारावं.