पीयूसीच्या रांगेत हेडलाइटही तपासा

गोव्यात रात्रीचा मोठा अपघात झाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेडलाइटचा वाद पेटतो. एक बाजू म्हणते, कंपनीचे हॅलोजन काढून बाजारातले पांढरे एलईडी घालणाऱ्यांच्या गाड्या जप्त करा. दुसरी म्हणते, रस्त्यावर दिवे नाहीत, पट्टे पुसलेत, गुरं मधोमध बसलेली असतात, मग आम्हाला दिसायचं कसं? मी इंग्लंडमध्ये, स्विंडनला राहते. दोन्हीकडे माझीच माणसं आहेत. वाळपईचा मावसभाऊ धंद्यासाठी चोर्ला घाटातून बेळगावला ये-जा करतो, त्याने एलईडी बसवलेत. साखळीचे काका स्कूटरवाले. समोरून तसा झोत आला की ते स्कूटर कडेला घेऊन गाडी जाईपर्यंत थांबतात.

इथे या बाबतीत कायदा कडक आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी नावाची तपासणी करून घ्यावी लागते. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात झेनॉन किंवा एलईडी बल्ब घातलेला आढळला तर कार या तपासणीत नापास होते. ग्रुपवर हे सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण भावाचं म्हणणंही मी ऐकलं आहे, आणि ते खोटं नाही.

इथल्या खेड्यांतले रस्तेही काळोखेच असतात. तरी पंचावन्न वॅटच्या साध्या बल्बवर गाडी चालवता येते, कारण रस्ताच प्रकाश परत पाठवतो. मधल्या रेषेवर 'कॅट्स आय', म्हणजे दिव्याचा प्रकाश परत फेकणारे काचेचे डोळे, बसवलेले असतात. हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉने 1934 मध्ये त्यांचं पेटंट घेतलं होतं. वळणावर काळे-पांढरे बाण असतात आणि पट्टे ताजे असतात. चोर्ल्याला जुलैत ढग रस्त्यावर उतरतो तेव्हा डांबर कुठे संपलं आणि तांबडी माती कुठे सुरू झाली हे कळत नाही. ओलं डांबर आपल्या दिव्याचा बराचसा प्रकाश पुढेच फेकून देतं. अशा वेळी माणूस जास्त उजेडाचा बल्ब शोधतो, यात त्याचा माज नाही. त्याला घरी पोचायचं असतं.

माझा आक्षेप उजेडाला नाही. तो जातो कुठे, याला आहे.

आपल्याकडे पुष्कळ गाड्यांत असतो तो एच-4 बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन तारा दिसतील, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश परावर्तकाच्या वरच्या भागावरच पडतो आणि तिथून रस्त्याकडे खाली वळतो. भिंतीसमोर गाडी लावली तर झोताची वरची कड स्पष्ट दिसते आणि ती फक्त डाव्या बाजूला, कडेच्या माणसासाठी, थोडी वर चढते. सगळा हिशेब त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी चपट्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी चिप असतात. जागा एखाद-दुसरा मिलिमीटर हलली तरी ती कड फुटते आणि प्रकाश वर, झाडांत आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय बोनेटपुढचा जवळचा रस्ता लखलखतो, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचं उलट कमी दिसतं. चालवणाऱ्याला मात्र वाटतं, आता कसं छान दिसतंय!

काकांचं वय सत्तरीपुढचं. म्हातारे डोळे दिपले की सावरायला वेळ घेतात, त्यात हेल्मेटच्या काचेवर चरे आणि पावसाचे थेंब. त्यांच्यासाठी ते काही सेकंद म्हणजे पूर्ण आंधळेपण. आपल्या गावांत रात्री रस्त्यावर कोण असतं? जत्रेतलं नाटक पाहून पहाटे चालत परतणारी माणसं, पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, शेवटची बस चुकलेला कामगार. मोठ्या गाडीतल्या माणसाने स्वतःची सोय त्यांच्या डोळ्यांवर करू नये, हे मी भावाला स्पष्ट सांगितलं आहे.

पण नुसती बंदी पुरत नाही, हेही इथेच दिसतं. कंपनीतूनच एलईडी घेऊन आलेल्या उंच गाड्या इथे रात्री डोळे दिपवतात. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला त्यावर अभ्यास करून घ्यावा लागला. उलट जर्मनीत 2020 पासून काही एलईडी बल्बना परवानगी आहे, पण ती ठरावीक मॉडेलच्या ठरावीक दिव्यात चाचणी करून दिलेली. तुमची गाडी त्या यादीत असेल तरच तो बल्ब घालायचा. मला हा मार्ग पटतो. एलईडी तेवढे वाईट असं त्यात धरलेलं नाही आणि डब्यावरच्या जाहिरातीवर विश्वासही ठेवलेला नाही.

तोवर भावासारख्यांनी काय करावं? आधी हेडलाइटची काच बघावी. ती प्लॅस्टिकची असते आणि गोव्याच्या उन्हात पिवळी पडते. नुसतं पॉलिश केलं तरी फरक कळतो. मग वायरिंग. जुन्या गाडीत बल्बचा करंट स्विचमधून फिरून जातो आणि वाटेत व्होल्टेज पडतं. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्के घटतो! चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून रिले, म्हणजे बल्बला थेट बॅटरीतून करंट देणारा स्विच, टाकून घेतला, बॅटरीपासून जाड वायर आणली, तर आहे तोच 60/55 वॅटचा (अप्पर/डिपर) बल्ब हक्काचा उजेड देतो. 100/90 वॅटचे बल्ब मात्र मूळ वायरिंगवर कधीच घालू नयेत. होल्डर वितळतो, प्रसंगी वायरही जळते. जास्त उजेडाचा दावा करणारे त्याच वॅटचे चांगले हॅलोजन मिळतात, ते चालतील, फक्त लवकर जातात. आणि डॅशबोर्डवरचं ते शून्य ते तीन आकड्यांचं चाक! डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा दिवे खाली घ्यायला ते दिलेलं असतं. चवथीला सामानाने भरून गावी येणाऱ्या किती गाड्यांत ते कोणी फिरवतं?

आता सरकारकडे माझं मागणं. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांसाठी होतं. तोपर्यंत तिला फिटनेससाठी कुणाला दाखवावं लागत नाही. टॅक्सी, ट्रक तपासले जातात, घरची गाडी नाही. पोलीस नाक्यावर डोळ्यांच्या अंदाजाने चलन देतात तेव्हा वाद होणारच, कारण त्या जागी मोजमाप काहीच नसतं. पण एका ठिकाणी बहुतेक गाड्या वर्षातून एकदा जातात, ते म्हणजे पीयूसी केंद्र. तिथे धूर मोजतात. त्याच रांगेत हेडलाइटचा झोत मोजावा. त्याचं यंत्र म्हणजे दिव्यासमोर धरायची भिंगाची पेटी. आतल्या पडद्यावर झोताची कड कुठे आहे ते दिसतं. इथल्या लहानशा गॅरेजमध्येही ते असतं आणि काम मिनिटांत होतं. नुसते स्क्रू हललेले असले तर तिथेच फिरवून द्यावेत. चुकीचा बल्ब असला तर पहिल्या खेपेला दंड न करता पंधरा दिवसांची मुदत द्यावी.

गोवा लहान आहे, तालुके मोजकेच. डिचोली आणि सत्तरीपासून सुरुवात करता येईल, तिथे घाटही आहे आणि खाणीचे ट्रकही. यंत्राचा खर्च वाहतूक खात्याने उचलावा, केंद्रवाल्यावर टाकला तर तो न तपासताच शिक्का मारील. आणि त्याच वर्षी सार्वजनिक बांधकाम खात्याने चोर्ल्याच्या वळणांवर रिफ्लेक्टर लावावेत, पट्टे पावसाळा संपताच पुन्हा मारावेत. भावाकडून एलईडी काढून घ्यायचे असतील तर त्याला रस्ता दिसायला हवा, ही त्याची अट मला मान्य आहे.