आधी पंखा बंद करा!

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी हवा होता. मशीनमधून पट्टी सरकू लागली, तर रेघेच्या जागी दाट गवत उगवलेलं! मी ताडकन उठून बसलो.

"झोपा काका," सिस्टर म्हणाल्या. "हे तुमचं नाही, लाइटचं आहे."

छातीवर पोचणारी हृदयाची वीज जेमतेम १ मिलिव्होल्ट. भिंतीत २३० व्होल्ट, सेकंदाला ५० हेलकावे, आणि आपलं अंग फुकटात अँटेनाचं काम करतं. पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर सरकते, म्हणजे दर अर्ध्या मिलिमीटरला एक हेलकावा. त्या गर्दीत माझ्या हृदयाचं कोण ऐकणार?

हिचा मोबाइल चार्जरवरून निघाला. पलंग भिंतीपासून सरकला. पंखा बंद झाला, मला घाम फुटला आणि छातीवरचे रबरी बल्ब एकेक करून सुटले. मग एसी लावला. मी कुडकुडलो, तर पट्टीवर वेगळीच गिचमीड. "आता हे मात्र तुमचं," सिस्टर म्हणाल्या. "स्नायू थरथरतायत." न थरथरण्याचा प्रयत्न करून पाहा एकदा!

मग रेझर आला. छातीवरचे केस भादरून ठिकठिकाणी वाफे पाडले गेले, वर स्पिरिट. नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टर आइंटहोवेनसाहेबांनी शंभरेक वर्षांपूर्वी पेशंटचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून हाच आलेख काढला होता. मशीन अवाढव्य होतं म्हणे, पण छातीला कुणी हात लावला नाही.

"फिल्टरचं बटण असतं ना?" मी विचारलं.

"ते शेवटी. फिल्टरनं रेघ देखणी होते, पण हवी ती टोकंही घासली जातात." एवढं बोलून त्यांनी उजव्या पायाची काळी क्लिप हलवून पाहिली. ही क्लिप हृदय मोजतच नाही. अंगावरचा गोंगाट उलटा करून परत अंगातच सोडायचा, एवढंच तिचं काम. नेमकी तीच कोरड्या कातडीवर नुसती टेकलेली.

"लग्नापासून सांगतेय, पायांना तेल लावा," ही म्हणाली.

"तेल नको!" सिस्टर ओरडल्या, आणि पायावर जेलीचा गोळा थापला. वर मशीनचा प्लग भिंतीतून उपटून ते बॅटरीवर घेतलं. रेघ स्वच्छ आली.

डॉक्टरांनी पट्टीकडे दोन सेकंद पाहिलं आणि घडी घातली. मी शर्टाची बटणं लावत असताना पुढचे गृहस्थ आत आले. त्यांच्या गळ्यापाशी डोकावणारं जंगल पाहून सिस्टरांनी, एक शब्द न बोलता, रेझर उचलला.